पाळण्यात काय काय नको

बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. शेजारपाजारून, भावजयांकडून, चुलत्यांच्या घरून जुनी झबली-दुपटी गोळा करून ठेवायची आणि नवं कापड बारशाला अंगाला लावायचं. माझ्या आजीच्या काळात या नेमामागे भीती होती. पाळणा आणून ठेवावा आणि तो रिकामाच राहावा, असं तेव्हा घराघरांत घडत होतं. ती भीती आता बरीच ओसरली, तरी नेमाचा एक फायदा शिल्लक होता. घरातली माणसं नऊ महिने दुकानापासून लांब राहायची. यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याला आली आणि तिच्या पाठोपाठ खोकी यायला लागली. खरेदी केलेली नाही म्हणे, नुसती ऑर्डर दिलीय.

पहिल्याच खोक्यात 'बेडिंग सेट' निघाला. चार बोटं जाडीची मऊ गादी, मधोमध खळगा असलेली उशी, दोन कुशींना दोन लोड, लवदार ब्लँकेट आणि छत्रीची मच्छरदाणी. सगळ्यांवर एकाच जातीचे हत्ती. दिसायला इतकं गोड की जावयांनी आधी फोटो काढला. माझ्या आईने, म्हणजे बाळाच्या पणजीने, चष्मा लावला, एकेक वस्तू हातात घेतली आणि प्रत्येक वेळी एकच विचारलं, "हे कशाला?" तिला उत्तर नकोच होतं, टोमणा मारायचा होता. पण प्रश्न चांगला होता. मी तो उचलला, आणि तिच्या ट्रंकेतून जे जे निघेल त्यालाही तोच विचारायचा असं जाहीर करून टाकलं. तिथून घरात खरे वाद सुरू झाले.

कसोटी आम्हाला बालरोगतज्ज्ञ बाईंनी दिली. नवजात बाळाला काय काय येत नाही, तेवढं लक्षात ठेवा, त्या म्हणाल्या. त्याला तोंडावरचं कापड बाजूला करता येत नाही. मान उचलून पुरती फिरवता येत नाही. ते श्वास मुख्यतः नाकाने घेतं, आणि ते नाक केवढंसं असतं! नाकासमोर मऊ, फुगीर कापड आलं की सोडलेलीच हवा परत परत आत जाते. आपण अशा वेळी झोपेतून दचकून उठतो, कूस बदलतो. बाळाची ती जाग अजून पक्की झालेली नसते. म्हणून पाळण्यातल्या प्रत्येक वस्तूला विचारायचं, ही नाकावर येईल का, हिने मान मुडपेल का, हिने अंग तापेल का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर राहू दे.

या कसोटीवर हत्तींचा सेट जवळजवळ सगळाच नापास झाला. गादी मऊ म्हणूनच वाईट होती. तळहात दाबून उचलला तर हाताचा ठसा तसाच राहिला. तान्ह्याची गादी कडक आणि सपाट हवी, हात काढताक्षणी वर येणारी, आणि पाळण्यात अशी घट्ट बसणारी की कडेच्या फटीत दोन बोटंही जाऊ नयेत. आपल्याला वाटतं, बाळाला टोचेल. बाळाला काही टोचत नाही, ते आईच्या पोटात उलटंसुलटं राहून आलेलं असतं. लोड कशाला, तर बाळ पडू नये म्हणून. पहिले काही आठवडे ते लोळत नाही, आणि लोळायला लागतं तेव्हा त्याच लोडात तोंड खुपसून बसतं. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून पाळण्याच्या कडेला लावायच्या गुबगुबीत पट्ट्या आणि १० अंशांपेक्षा जास्त उताराची झोपण्याची साधनं विकायला बंदी घातली. आपल्याकडे लोड अजून सेटमध्येच येतात, आणि अख्खा सेट घेतला तर स्वस्तात पडतो असं दुकानदार सांगतो.

त्यातली मच्छरदाणी मात्र मी दोन्ही हातांनी ठेवून घेतली. आषाढात आमच्या घरामागच्या कुंड्यांमधून डासांची पलटण निघते, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे आपण दर वर्षी वाचून दर वर्षी विसरतो. बाळ तर चोवीस तासांतले चौदा ते सतरा तास झोपलेलं, म्हणजे मच्छरदाणी दिवसाही हवी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगाला डास पळवायची मलमं लावायची नसतात, आणि कॉइलचा धूर कुणालाच नको. छत्रीची मच्छरदाणी घेताना एवढंच पाहायचं की कडा जमिनीला किंवा गादीला नीट टेकतात आणि जाळी बाळाच्या अंगाला कुठेही चिकटत नाही, कारण डासाला जाळीतूनही चावता येतं. फॅन्सी चेनवाल्यांपेक्षा साधी पांढरी बरी, आत काय चाललंय ते लांबून दिसतं.

नंतर आली मोहरीची उशी. ही खोक्यातून नाही आली, विहीणबाईंनी कोल्हापूरहून स्वतः शिवून पाठवली. आत मांजरपाटाची पिशवी, वर तलम मलमलचा अभ्रा, चारी बाजूंनी बारीक हातशिलाई. हाताखाली मोहरी सरकते तो आवाजसुद्धा गोड. डोकं गोल व्हावं म्हणून ही उशी. आमच्या सासरीमाहेरी सगळी डोकी हिच्यावरच वळलेली. आता यात तथ्य किती? तान्ह्याच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, त्यामुळे डोकं एकाच बाजूला टेकून राहिलं की तिथे चपटं होतं, हे खरं. पण बहुतेक बाळांचं ते मान धरायला, बसायला लागल्यावर आपोआप सुधारतं. उपाय करायचाच तर दर झोपेला डोक्याची दिशा बदलायची, आणि जागेपणी समोर बसून बाळाला थोडा वेळ पालथं घालायचं. उशीने मात्र डोकं वर उचललं जातं, हनुवटी छातीकडे येते आणि श्वासाची वाट अरुंद होते. शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जायची, ते वेगळंच.

हे विहीणबाईंना सांगायचं कोणी? लेक म्हणाली, "आई, तू सांग." जावई म्हणाले, "मी गॅलरीत आहे." शेवटी मीच फोन लावला. म्हटलं, "ताई, उशी इतकी सुरेख झालीय, पण डॉक्टर वर्षभर उशीच नको म्हणतायत." पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "अहो, माझ्या तिन्ही मुलांची डोकी बघा एकदा." मी गॅलरीत जाऊन पाहिलं. जावयांचं डोकं खरोखर गोल आहे.

पण एका गोष्टीत त्या आणि माझी आई, दोघी डॉक्टरांच्या पुढे होत्या. दोघींनीही पोरांना पाठीवर झोपवलं. आपल्याकडे पाळण्यात बाळ उताणंच ठेवतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पाश्चात्त्य देशांत मात्र मध्ये काही दशकं उलटं चाललं होतं. बेंजामिन स्पॉक या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली आलं आणि घराघरांत पोचलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याने बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला दिला. कारण पटण्यासारखं होतं, उताण्या बाळाने दूध ओकलं तर ते घशात अडकेल. प्रत्यक्षात उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, ओकलेलं खालीच राहतं. पालथं केलं की श्वासनलिका खाली जाते. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पालथी झोपवलेली जास्त आहेत, हे न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांतून पुढे आलं. १९९१ च्या सुमारास त्या दोन्ही देशांत आणि १९९४ साली अमेरिकेत 'बाळाला पाठीवर झोपवा' अशा मोहिमा निघाल्या, आणि पुढच्या दहाएक वर्षांत अमेरिकेतले असे मृत्यू निम्म्यावर आले. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी कुणाला विचारलं नाही वाटतं आपल्याकडे." मग लगेच, "बघ, उशी पण राहू दे मग." तिला एक बरोबर निघालं की सगळंच बरोबर ठरवायचं असतं. माझी लेक उलट्या बाजूने हेच करते, डॉक्टरांनी सांगितलेलं आणि जाहिरातीत आलेलं तिला एकाच वजनाचं वाटतं.

आता ट्रंक. तिच्यात कापड होतं, आणि कापडात आईला मी शंभर गुण दिले. धुऊन धुऊन विरत आलेल्या सुती लुगड्याची दुपटी, माझ्या मामाच्या धोतराचे लंगोट, एक गोधडी. नवं कापड कितीही मऊ म्हणून विकलं तरी त्यात खळ असते, रंग असतो. वीस वर्षं धुतलेल्या सुताची बरोबरी ते पहिल्या वर्षी करत नाही. नवं घ्यायचंच तर फिक्या रंगाचं, बिनझालरीचं, बिनबटणांचं घ्यावं आणि बाळाच्या अंगाला लावण्याआधी दोनतीनदा धुवावं. नाड्या, बंद, रिबिनी पाळण्याच्या आसपासही नकोत. झबल्याचा बंदसुद्धा आखूड असावा, गळ्याशी नसावा.

गोधडी मी मुद्दाम उलटसुलट करून पाहिली. वर हिरवं इरकली, आत कुणाकुणाच्या साड्या, धोतराचा एक थर. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन असा आत गेलेला. मध्याशी पोचेपर्यंत टाके जरा मोठे झालेत, म्हणजे तोवर शिवणारी कंटाळली होती किंवा बाळ झालं होतं. ही अंगाखाली घालायला उत्तम. कडक गादीवर एकेरी पसरली की घाम शोषते, सरकत नाही, उन्हात टाकली की तासाभरात कोरडी. पण अंगावर घालायला नको. पहिल्या वर्षात सुटं पांघरूणच नको, मग ते गोधडी असो की हत्तीवालं ब्लँकेट. पाय झाडता झाडता ते वर सरकतं आणि तोंडावर येतं. थंडी असेल तर अंगातच एक कपडा जास्त घालायचा. बाजारात हल्ली 'बेबी गोधडी' म्हणून जे मिळतं, ते हाताने चेपून पाहा. बऱ्याचदा आत फोमसारखं काहीतरी फुगीर भरलेलं असतं, नाव तेवढं गोधडीचं.

साताऱ्याच्या पावसात या सगळ्याचा एकच शत्रू आहे, ओल. खरेदीच्या याद्यांमध्ये किती दुपटी घ्यावीत याचे आकडे दिलेले असतात, ते बहुतेक उन्हाळ्यातले असावेत. आषाढ-श्रावणात आकड्याची दुप्पट करा. बाळ रात्रीत किती वेळा भिजवेल ते त्याचं त्याला माहीत, आणि दोरीवर टाकलेलं दुपटं तिसऱ्या दिवशीही गार लागतं. ओलसर कापडाला कुबट वास येतो, अंगावर पुरळ उठतं. पूर्वी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवायचे, खोलीभर ऊब आणि कोळशाचा वास. कोळसा बंद खोलीत नकोच, म्हणून आम्ही पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आणि शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढतो. इस्त्री करून थंड झालं की मगच पाळण्यात. गादीवर घालायच्या ड्राय शीटचा शोध ज्याने लावला त्याचं मात्र कौतुक वाटतं. इलास्टिकची चादर आणि खाली ड्राय शीट, या दोन वस्तूंसाठी मी खोक्यांना माफ केलं. गादी वाचते, आणि पावसाळ्यात गादी वाळवणं म्हणजे काय ते गादी भिजल्यावरच कळतं.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा विषय नाजूक आहे. त्यांचे हात पाहत राहावेत असे. दुपट्याचं एक टोक दुमडतात, बाळाचे खांदे त्या घडीशी आणतात, एक बाजू छातीवरून ओढून पाठीखाली खोचतात, मग खालचं टोक वर, मग दुसरी बाजू. सगळं एका दमात. बाळ तत्काळ गप्प. यात शास्त्र आहे. तान्हं बाळ झोपेत हात फेकून दचकतं, त्या प्रतिक्षिप्त क्रियेला १९१८ साली तिचं वर्णन करणाऱ्या एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाचं नाव आहे. हात आवळलेले असले की ते दचकून उठत नाही. पण मावशी पायही सरळ ओढून जुडीसारखे बांधत होत्या, 'नाहीतर पाय वाकडे होतात' म्हणून. खरं तर तान्ह्याचे पाय बेडकासारखे दुमडलेलेच असायला हवेत. ते जबरदस्तीने सरळ आवळले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. मी म्हटलं, "मावशी, वरून घट्ट, खालून सैल ठेवाल का?" त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की वाटलं उद्यापासून येणार नाहीत. आल्या. आणि दुसऱ्या दिवशी खालून सैल होतं. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागलं, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की हे गुंडाळणं अजिबात बंद करायचं, हेही त्यांना सांगून ठेवलंय. 'तोवर तुम्हीच विसराल,' असं त्यांचं म्हणणं.

धुरीवर मात्र तडजोड झाली नाही. ओवा, शेपा, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळ-बाळंतिणीला शेकायचं, त्याचा वास मला स्वतःला फार आवडतो. माझ्या बहिणींच्या बाळंतपणांची ती आठवण आहे. तरी तान्ह्या फुप्फुसांत धूर नको तो नकोच. टोपडं-कुंचीचंही तसंच. न्हाणं झाल्यावर, बाहेर नेताना ठीक. पण बंद खोलीत झोपेतही टोपडं, मोजे, वर दुपटं असा सगळा जामानिमा असला की बाळ तापतं, कारण डोक्यातूनच ते जास्तीची उष्णता टाकत असतं. हातपाय गार लागतात म्हणून घाबरायचं नाही, ते गारच असतात. बोटं मानेमागे किंवा छातीवर ठेवून पाहायचं. तिथे घाम असेल तर एक कपडा काढा. पंखा मंद चालू ठेवला तर बिघडत नाही, फक्त झोत थेट अंगावर नको.

झोळीबद्दल लिहिताना मी जरा थांबले. आमच्या फलटण-कराडच्या वाटेवर ऊसतोडीच्या दिवसांत झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी दिसते, आई फडात आणि मोठी बहीण झोका देतेय. तिथे जमिनीवर विंचूकाटा, कुत्री, चिखल. झोळी हाच शहाणपणा. पण फ्लॅटमध्ये, हाताशी सपाट गादी असताना, हौस म्हणून तीच झोळी रात्रभराच्या झोपेला वापरायची गरज नाही. तिच्यात पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते. मोठी भावंडं घरात असतील तर लोंबत्या साडीत खेळता खेळता गळ्याला फास बसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, म्हणून वापर झाला की ती सोडून ठेवायची. स्प्रिंगच्या पाळण्यांचंही तेच.

मग बाळाने झोपायचं कुठे? आईच्या खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या कडक गादीवर. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना निदान पहिले सहा महिने असंच सांगते. वेगळ्या रंगवलेल्या खोलीचा खर्च त्यामुळे आपोआप वाचतो. रात्री पाजता पाजता आईला डुलकी लागते, लागणारच. ती खुर्चीत किंवा सोफ्यावर लागण्यापेक्षा साध्या गादीवर लागलेली बरी, म्हणून पाजायला सोफ्यावर बसू नको, एवढं मी लेकीला बजावलंय. एरवी पाजून झालं की उचलून शेजारी ठेवायचं, आणि त्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उठायचं. ही जबाबदारी जावयांकडे दिली आहे. ते उठतात. कधी कधी बाळाच्या आधी उठून बसलेले असतात.

या सगळ्याला किती थोडं लागतं, हे फिनलंडने केव्हाच दाखवलंय. तिथलं सरकार १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना बाळाच्या कपड्यांचा एक खोका देत आलंय. अट एवढीच की आईने वेळेत तपासणीला यायचं. तळाशी छोटी गादी असते, म्हणजे खोका हाच पाळणा. आपल्या राज्य सरकारनेही सरकारी रुग्णालयात पहिलं बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी २,००० रुपयांच्या आसपासचं बेबी केअर किट काढलं. त्यात छोटी गादी, मच्छरदाणी, थर्मामीटर, कपडे, ब्लँकेट असं होतं. ब्लँकेट सोडलं तर माझी तक्रार नाही. आमच्या खोक्यांचं बिल याच्या कितीतरी पट झालं, आणि त्यातलं अर्धं माळ्यावर गेलं.

येत्या गुरुवारी बारसं आहे. सजवलेला पाळणा भाड्याने येतोय, झेंडूच्या माळा, जरीची झालर, वर कापडी चिमण्यांचं चिमणाळं, आत मखमली गादी आणि लोड. विहीणबाई मोहरीची उशी स्वतःच्या हाताने ठेवणार आहेत, तसं त्यांनी कळवलंय. ठेवू देत. आधी वरवंटा निजवायचा, मग बाळ, आत्याने कानात नाव सांगायचं, सगळ्यांनी आत्याच्या पाठीवर धपाटे घालायचे, फोटो काढायचे. तेवढ्या वेळात पाळण्याभोवती वीस बायका उभ्या असतात, बाळावरून नजर हटायचा प्रश्नच नाही. जेवणाची पानं मांडली की बाळाला त्याच्या नेहमीच्या गादीवर नेऊन उताणं ठेवायचं काम माझ्याकडे आहे. भाड्याचा पाळणा न्यायला टेम्पो चार वाजता येईल.